सिमेंटच्या नदीत माशीने मासा

लॉस एंजेलिस शहराला नदी आहे, हे त्या शहरात पंधरा वर्षे काढलेल्या माणसांनाही धड माहीत नसते. माझ्या भाच्याच्या शेजारी राहणारे एक हैदराबादी गृहस्थ मला म्हणाले, "नदी कसली मियाँ, बरसाती नाला आहे तो." त्यांना दोष देता येत नाही. सान फर्नांडो खोऱ्यात, कनोगा पार्क भागातल्या एका शाळेमागे दोन ओढे एकत्र येतात आणि तिथून ही नदी सुरू होते. ८२ किलोमीटर वाहून ती लाँग बीचजवळ पॅसिफिक महासागराला मिळते. यातला बहुतेक प्रवास काँक्रीटच्या पन्हळीतून होतो. दोन्ही बाजूंना काँक्रीटचे उतार, खाली काँक्रीटचा तळ आणि मधोमध पाण्याची एक बारीक धार. हॉलिवूडवाल्यांना ही जागा मोटारींच्या शर्यतींसाठी फार आवडते. १९७८ च्या 'ग्रीस' या चित्रपटातली शर्यत याच पात्रात चित्रित झाली. जिच्यात गाड्या पळवता येतात, तिला नदी कोण म्हणणार?

माझा भाचा म्हणतो. तो सुट्टीच्या दिवशी तिथे मासे धरायला जातो, तेही ऐन हिवाळ्यात आणि तेही माशीने.

मी राहणारा कुर्ल्याचा आणि मूळ गाव दाभोळ खाडीच्या काठचे, त्यामुळे मासे धरण्याचे प्रकार मला कुणी शिकवावेत असे वाटत नव्हते. पाग फेकणारे हात मी लहानपणापासून पाहिले आहेत. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावून बांधावर तासन् तास बसलो आहे. पण पिसाची माशी करून तिने मासा धरायचा, हे नवीन होते. जानेवारीत बहिणीबरोबर भाच्याकडे महिनाभर राहणे झाले, तेव्हा त्याने मला सोबत नेले. "मामू, एकदा बघा तरी," म्हणाला.

आम्ही गेलो त्या भागाला ग्लेनडेल नॅरोज म्हणतात. तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा पटले की ही नदीच आहे. काठ तिथेही काँक्रीटचे आहेत, पण तळ मातीचा आणि गोट्यांचा आहे. मधे बेटे आहेत, बेटांवर वाळुंजाची झाडे आहेत, बगळे उभे आहेत, पाणकावळे पंख पसरून ऊन खात आहेत. एका बाजूला आठ-दहा पदरी महामार्ग अखंड घोंघावतो आहे. झाडांच्या फांद्यांना मात्र माणसाच्या डोक्याच्याही वर प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या होत्या. मागच्या पुराचे पाणी कुठवर चढले होते, ते त्या पिशव्या दाखवत होत्या. कुर्ल्याच्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही.

हा तळ काँक्रीटचा का नाही, याचे कारण मजेशीर आहे. या भागात दोन्हीकडून डोंगर जवळ येतात आणि जमिनीखालचे पाणी वर ढकलले जाते. काँक्रीट ओतणाऱ्यांना खालून येणाऱ्या पाण्यापुढे तळ पक्का करता आला नाही. नदीने तेवढ्या टापूत सिमेंट नाकारले, असे म्हणायला हरकत नाही. शेजारच्या वस्तीला अजूनही बेडूकगाव या अर्थाचे 'फ्रॉगटाउन' हे टोपणनाव आहे, कारण एके काळी तिथे बेडकांची झुंड रस्त्यावर येत असे.

काँक्रीट ओतण्याची वेळ का आली, तेही सांगायला हवे. १७८१ मध्ये स्पॅनिश लोकांनी हे गाव वसवले ते या नदीच्या भरवशावर. त्याआधी शेकडो वर्षे इथल्या टोंग्वा लोकांची गावे हिच्याच आधाराने होती. १९१३ मध्ये दूरच्या ओवेन्स खोऱ्यातून कालव्याने पाणी आले, तोवर शहर मुख्यत्वे हिचेच पाणी पीत होते. कालवा आला आणि नदीची गरज संपली. उरली ती फक्त भीती. ही नदी उगमापासून समुद्रापर्यंत सुमारे २४० मीटर उतरते, त्यामुळे डोंगरात पाऊस झाला की पाणी नुसते वाहत नाही, सुसाटते. १९३८ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या सुरुवातीला असाच पाऊस झाला. पूल गेले, घरे गेली, शंभराच्या आसपास माणसे मेली. त्यानंतर लष्कराच्या अभियंत्यांनी नदीला काँक्रीटमध्ये बांधायला घेतले आणि १९६० च्या सुमारास ते काम पुरे झाले.

हे ऐकताना मला २६ जुलै २००५ आठवत होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. लॉस एंजेलिसला वर्षभरात पडतो त्याच्या अडीचपट. मिठी नदी आहे हे मुंबईतल्या कित्येकांना त्या दिवशी कळले, आणि आम्ही तिच्या काठचे असून आम्हीही तिला नालाच म्हणत होतो. त्यानंतर मिठीला भिंती आल्या. ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरले, त्याला भिंत नको असे मी सांगू शकत नाही. भिंत हवीच होती. पण भिंत उभी राहिली की लोक तिच्यापलीकडे बघायचे सोडतात, आणि मग पलीकडे काय टाकले जाते याचेही कुणाला काही वाटेनासे होते.

आता माशाकडे वळतो. या पाण्यातला मोठा मासा म्हणजे कार्प. आपल्याकडे शेततळ्यांत आणि धरणांत 'सायप्रिनस' नावाने वाढवतात तोच. रोहू आणि कटला याचेच नातलग. कॅलिफोर्नियातही तो परकाच आहे. १८७२ मध्ये ज्युलियस पॉपे नावाच्या गृहस्थाने जर्मनीहून कार्प आणले. वाटेत बहुतेक मेले आणि सोनोमा खोऱ्यात पोहोचले ते फक्त पाच. १८७७ मध्ये तर अमेरिकन सरकारच्या मत्स्य आयोगाने स्वतः ३४५ कार्प मागवले आणि पुढे देशभर वाटले. गरिबाला स्वस्तात पोटभर मासा मिळावा, हा हेतू. मासा वाढला, पण अमेरिकन माणसाच्या ताटात काही बसला नाही. मग त्याच्यावर आरोप सुरू झाले: हा चिखल ढवळतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांच्या जागा बिघडवतो. आरोप खोटे नाहीत. बोलावून आणलेल्या पाहुण्याला पुढे शिव्या देण्याचा प्रकार मात्र माशांपुरता मर्यादित नाही.

हिवाळ्यात मासा धरायचा म्हणजे त्याच्या अंगातली थंडी ओळखायची. माशाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. पाणी गार झाले की त्याची भूक मंदावते आणि पाणी दहा अंशांखाली गेले तर कार्प जवळजवळ खाणेच सोडतो. लॉस एंजेलिसची थंडी तशी बेताची. जानेवारीतही दुपारी वीस अंशांच्या आसपास तापमान असते, रात्री दहाच्या खाली उतरते. शिवाय या नदीला एक विचित्र वरदान आहे. तिच्यातले बरेचसे पाणी पावसाचे किंवा झऱ्याचे नाही; ते शहराच्या सांडपाण्याचे आहे, शुद्ध करून सोडलेले. सेपुल्वेडाजवळचा टिलमन प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि उन्हाळ्यात सुकणारी ही नदी बारमाही झाली. न्हाणीघरे आणि स्वयंपाकघरे यांच्यातून आलेले हे पाणी थंडीतही कोमट असते. म्हणून इतर ठिकाणचे कार्प तळाशी झोपा काढत असताना इथले जेवत असतात.

तरीही सकाळी जाऊन उपयोग नाही. आम्ही अकराला पोहोचलो आणि तासभर भाच्याने काठी जोडलीसुद्धा नाही. तो नुसता काठाने चालत होता आणि डोळ्यांवर चढवलेल्या खास चष्म्यातून पाण्यात बघत होता. हा चष्मा पाण्यावरची चकाकी कापतो आणि तळ दिसू लागतो. मलाही त्याने एक दिला. सुरुवातीला मला गोटे आणि शेवाळ याखेरीज काही दिसेना. मग त्याने बोट दाखवले तिथे एक गोटा हलला. हाताएवढा लांब, पितळी रंगाचा, डोके तळाशी आणि शेपटी वर. तोंडाने चिखल ओढून गाळत होता आणि त्याच्या बाजूने गढूळ पाण्याचा एक लहानसा ढग वाहत होता. एकदा दिसला की मग दिसतच राहतात. मी सात मोजले.

"मामू, पाय हळू," भाचा कुजबुजला. कार्पच्या जातीच्या माशांमध्ये हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. त्यामुळे काठावर गोटा घसरला तरी त्यांना ऐकू जाते. शिवाय या जातीतला एखादा मासा जखमी झाला, तर त्याच्या कातडीतून पाण्यात एक द्रव्य मिसळते आणि ते जाणवताच बाकीचे पसार होतात. महामार्गाच्या एवढ्या गोंगाटात राहणारा प्राणी माझ्या चपलेच्या आवाजाने पळावा याचे मला नवल वाटले. पण गोंगाट त्याच्या सवयीचा, चप्पल नवी.

माशीचा प्रकार असा. आपल्या नेहमीच्या गळात वजन टोकाला असते, शिसे किंवा आमिष, आणि ते दोरीला ओढत नेते. इथे टोकाला वजनच नाही. आकडीवर रेशमाचा दोरा, कोंबडीचे पीस आणि थोडी लव गुंडाळून केलेली माशी गव्हाच्या चार दाण्यांइतकीही जड नसते. वजन असते ते दोरीत. म्हणून दोरी आधी मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची. ते थांबणे जमले नाही तर दोरी पायाशी ढीग होऊन पडते. माझी दहादा पडली. पाग फेकतानाही असेच असते. जोर खांद्याचा नाही, वेळेचा.

भाच्याची कार्पसाठीची माशी म्हणजे माशी दिसतच नव्हती. काळपट तपकिरी रंगाची, पुढे मण्यांचे दोन डोळे, एखाद्या पाणकिड्यासारखी. ती त्याने माशाच्या पुढे दोन हातांवर टाकली, बुडू दिली आणि हळूच ओढत त्याच्या तोंडासमोर आणली. मासा धावून आला नाही, झटका बसला नाही. त्याने मान जरा वळवली, तोंडाचा पांढरा कड क्षणभर दिसला, बस्स. तेवढ्यावर भाच्याने काठी उचलली. मग मात्र रीळ असे किंचाळू लागले की पलीकडच्या सायकलवाटेवरची माणसे थांबून बघू लागली. वीस मिनिटांनी तो जाळीत आला. चार किलोच्या आतबाहेर असेल. दोन जोड्या मिशा, जाड ओठ, पाठीवर नाण्यांसारखे खवले. भाच्याने हात ओले केले, आकडी काढली, माशाला पाण्यातच दोन्ही हातांवर धरले. मासा दोन-तीनदा कल्ले हलवून निघून गेला.

आणि इथेच आमच्या घरातला वाद सुरू होतो.

भाच्याचे अब्बा कुर्ल्याहून फोनवर दर आठवड्याला त्याला एकच गोष्ट ऐकवतात: "पकडायचा तर खा, खायचा नसेल तर पकडू नको." त्यांचे म्हणणे साधे आहे. मासा हलाल आहे, अल्लाहने तो खाण्यासाठी दिला आहे. पण जिवंत प्राण्याला निशाण करून खेळ करायला हदीसमध्ये मनाई आहे. मग पोटासाठी नाही, विकण्यासाठी नाही, तर वीस मिनिटे त्याला ओढत ठेवण्याचा अर्थ काय? भाचा उत्तर देतो की त्याच्या आकडीला उलटा काटा नसतो, मासा मरत नाही, आणि या पाण्यातला मासा घरी आणून मुलांना खाऊ घालायची त्याची तयारी नाही. सांडपाणी कितीही शुद्ध केले तरी पावसाबरोबर रस्त्यांवरचे तेल आणि घाण नदीतच येते. मेव्हणे म्हणतात, मग तर अजूनच पकडू नको.

बहिणीने मला पंच नेमले. मी मेव्हण्यांच्या बाजूने आहे आणि भाच्यालाही मी तसे सांगितले. मारत नाही म्हणून त्रास होत नाही, असे नाही. पण एक गोष्ट मी मेव्हण्यांनाही सांगितली. त्या दिवशी आम्ही पाच तास नदीवर होतो. त्यात काठी फार तर तासभर हातात होती, उरलेला वेळ बघण्यात गेला. जोहरची नमाज काठच्या बागेत झाली, सुनेने दिलेल्या खिमा-चपात्या तिथेच खाल्ल्या, आणि निघताना भाच्याने पाठपिशवीतून दोन मोठ्या कचरापिशव्या काढून भरल्या. फांद्यांवरचे प्लास्टिक, बाटल्या, दोऱ्यांची गुंतवळ. त्याला कुणी सांगितले नव्हते. मासा नसता तर तो त्या काठावर आलाच नसता. यातून मासे धरणे जायज ठरत नाही, हे मलाही कळते. पण मुलाला नदीपासून तोडायचे की गळापासून, हे ठरवताना एवढे लक्षात असू द्यावे.

तोडगाही निघाला. थंडीच्या दिवसांत राज्याचे मत्स्य खाते शहरातल्या काही बागांच्या तलावांत ट्राउट मासे आणून सोडते, ते लोकांनी धरून खावेत म्हणूनच. पुढच्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो आणि सुनेने त्या ट्राउटला कोकम, हळद आणि तांदळाचे पीठ लावून तळले. मांस कोवळे, काटे कमी. सुरमईची बरोबरी नाही, पण वाईट नव्हते. नदीवरचे त्याचे जाणे थांबलेले नाही आणि अब्बांचा फोनही.

लहान माशांची गोष्ट राहिली. इंग्रजीत त्यांना तव्यात मावणारे मासे अशा अर्थाचे नाव आहे. ब्लूगिल आणि ग्रीन सनफिश हे त्यातले. तळहाताएवढे, चपटे, गालांवर निळ्या-हिरव्या रेघा, जणू कुणी मीनाकारी केली आहे. हेही अमेरिकेच्या पूर्व आणि मधल्या भागांतून इथे आलेले. उन्हाळ्यात ते काठाशी धीट असतात, हिवाळ्यात पुलाच्या खांबांमागे, जिथे पाणी खोल आणि संथ, तिथे एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्यासाठी हलकी काठी आणि तांदळाच्या दाण्याएवढी माशी लागते. भाच्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिथे चार धरले, मी एकही नाही. प्रत्येकाला सोडताना ती "खुदा हाफिज" म्हणत होती.

२००८ च्या सुमारास नदीप्रेमींनी या पाण्यातल्या माशांची पाहणी केली, तेव्हा आठ जाती सापडल्या आणि त्यांतली एकही मूळची इथली नव्हती. इथला खरा मालक होता स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होणारा ट्राउट. हिवाळ्याच्या पावसाने नदी फुगली की तो समुद्रातून वर चढून डोंगरातल्या ओढ्यांत अंडी घालायचा. कोकणात मृगाच्या पावसात मासे चढणीला लागतात आणि भाताच्या खाचरांपर्यंत येतात, अगदी तसेच. (चढणीचे गाभोळीवाले मासे टोपल्या भरभरून मारणारे आपले लोक आठवले की मेव्हण्यांचे वाक्य अपुरे वाटते. खायचा म्हणून पकडला तरी किती, आणि केव्हा, हाही सवाल आहे.) लॉस एंजेलिस नदीत शेवटचा स्टीलहेड १९४० च्या आसपास दिसला. गुळगुळीत काँक्रीटवरून फुटभर खोलीचे पाणी वेगाने वाहते, त्याच्यातून तो वर चढणार कसा? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या स्टीलहेडला १९९७ मध्ये केंद्र सरकारने संकटग्रस्त ठरवले. काँक्रीटमध्येच त्याच्यासाठी वाट काढता येईल का, यावर आता अभियंते नकाशे करत आहेत.

हे मनावर घेणारी माणसे आपोआप आली नाहीत. १९८६ मध्ये लुईस मॅकअॅडम्स नावाचा एक कवी मित्रांबरोबर कुंपण कापून या पात्रात उतरला आणि त्यातून नदीच्या मित्रांची संस्था उभी राहिली. तेव्हा लोक हसले. २००८ मध्ये काही जणांनी लहान होड्यांतून ही नदी समुद्रापर्यंत उतरून दाखवली, आणि २०१० मध्ये पर्यावरण खात्याने ही नौकानयनास योग्य नदी आहे असा निर्णय दिला. कागदावर ती नाल्याची नदी झाली, तशी कायद्याचे संरक्षणही तिला लागू झाले.

पण तिच्यापुढे आता नवी अडचण आहे आणि त्यात दोष कुणाचा, हे सांगणे अवघड आहे. पिण्याचे पाणी शेकडो किलोमीटरवरून आणणाऱ्या या शहराला सांडपाणी नदीत सोडणे परवडत नाही. २०१९ मध्ये तेव्हाच्या महापौरांनी २०३५ पर्यंत शहराचे सगळे सांडपाणी पुन्हा वापरात आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. पाणी वाचवणे चांगलेच; आपल्याला तर वुजूच्या पाण्यापासून ही शिकवण आहे. पण शहराने सगळे पाणी स्वतःकडे वळवले तर उन्हाळ्यात नदीत काय उरेल? बगळे, वाळुंज, ते पितळी कार्प, सगळे शहराच्या सांडण्यावर जगत आहेत. किती पाणी नदीसाठी राखायचे, याचा हिशेब तिथे सध्या चालू आहे.

आपल्या वाचकांपैकी कुणाची मुले तिकडे असतील आणि जाणे झालेच, तर थोडे उपयोगाचे. सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला मासे धरण्याचा परवाना लागतो; तो दुकानात किंवा संगणकावरून मिळतो. नुसते बघायला परवाना लागत नाही. हिवाळ्यात दुपारी बारा ते तीन ही वेळ उत्तम. आणि ढग दिसले तर पात्राच्या जवळही जाऊ नये, मग आपल्या डोक्यावर ऊन का असेना. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी इथे येते.

आमच्या परतीच्या दोन दिवस आधी असा पाऊस झाला. भाच्याने आम्हाला पुलावर नेले. ज्या बेटावर बसून आम्ही खिमा-चपात्या खायचे ठरवत होतो, ते बेट दिसत नव्हते. तपकिरी पाणी काठाच्या निम्म्यापर्यंत चढले होते आणि त्यातून एक दुकानातली हातगाडी गरगरत खाली गेली. मुलीने विचारले, मासे कुठे गेले असतील? भाचा म्हणाला, खांबांच्या मागे, तळाशी, जिथे पाण्याचा जोर कमी असतो तिथे. काही वाहून समुद्राकडे जातील. पाणी उतरले की बघायला येऊ.